फक्कीचं सभागृह

४ फेब्रुवारी

बोललो. मनासारखं बोललो! ही गेल्यापासून पहिल्यांदाच आवाज लागला.

"वास्तू कुणाची? जो तिच्यात वावरतो त्याची!" कर्णबधिरांच्या या शाळेची इमारत आणि आवार नव्याने कसं उभारायचं, हे माजी विद्यार्थी, पालक, गल्लीतले शेजारी यांनी मिळून ठरवायचं, असा ठराव मी स्वतः मांडलेला. तेव्हा लोकांना हे नीट पटवून द्यायलाच हवं होतं. पाऊण तास गेला त्यात. मग वेळ संपली.

खाली उतरल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी हळूच सांगितलं, की मी खिडकीकडे पाठ करून उभा होतो. मागून ऊन. माझं तोंड काळं ठिक्कर, आणि शेजारी उभ्या राहून माझं भाषण खुणांनी सांगणाऱ्या बाईंचे हातही कुणाला दिसत नव्हते. शाळा काढली मी, आणि ही चूक माझी! ही असती तर तिने आधी पडदा ओढला असता. माझ्या भाषणांच्या खुणा कायम हीच करायची.

लेकही कर्णबधिर, समोरच बसली होती. घरी पोचेपर्यंत तिचा मोबाइलवर निरोप — "बाबा, काय म्हणालात?"

५ फेब्रुवारी

सभागृह मात्र होणारच. मोठं, मंचासकट. दारावर हिचं नाव. आर्किटेक्टबाईंना पहिल्याच भेटीत सांगून ठेवलंय. बाकी सगळं लोकांनी ठरवावं.

९ फेब्रुवारी

आर्किटेक्टबाई बोलायला कमी, चालायला भराभरा. म्हणाल्या, कागदावरचा नकाशा कुणालाच कळत नाही, लोक लाजून मान डोलावतात. म्हणून त्यांनी सगळी इमारत खऱ्या मापाने मैदानावर काढली. फक्कीच्या पांढऱ्या रेघांनी. मग फर्मान — आजचा दिवस सगळ्यांनी या इमारतीत राहायचं. भिंत ओलांडायची नाही. दारातूनच जायचं.

काय मजा! इस्त्रीवाला शेजारी सायकल घेऊन सरळ भिंतीतून आला. मुलींनी त्याला अडवला आणि फाटकापर्यंत परत पाठवला. बेकरीवाला, आमचा जुना विद्यार्थी, ऑफिसच्या चौकोनात खुर्ची टाकून साहेबासारखा बसला आणि आत येईल त्याला हाताने ठोठावायला लावू लागला. कुठे ठोठावणार? हवेत!

दुपारपर्यंत व्हरांड्याच्या रेघा पुसल्या गेल्या. ही माणसं हातांनी बोलतात आणि डोळ्यांनी ऐकतात. दोघं बोलत निघाले की एकमेकांकडे वळून, शेजारी शेजारी चालणार. व्हरांडा अरुंद. एकाचा पाय रेघेवर पडणारच. पुसली गेलेली रेघ आर्किटेक्टबाईंनी पुन्हा मारली नाही. पावलं जिथवर गेली होती त्याच्या पलीकडे नवी मारली. मी पाहत राहिलो. लोकांनी इमारत कशी घडवायची यावर मी किती वाचलंय, किती बोललोय. डोळ्यांनी आज पाहिलं.

फक्त सभागृहाच्या रेघा संध्याकाळीही कोऱ्या. आत कुणी फिरकलंच नाही. सगळे नळाजवळच्या झाडाखाली गोल करून बसलेले — मुलं, आया, इस्त्रीवालासुद्धा. मी बाईंना म्हटलं, उन्हामुळे असेल.

"असेल," त्या म्हणाल्या.

१० फेब्रुवारी

लेकीशी भांडण. ती इथेच सुतारकाम शिकवते. तिचं म्हणणं, सभागृह नको. झाडाखाली गोल अंगण करा, भोवती बसायला बाक, सगळ्यांना सगळ्यांचे हात दिसतील असं. आणि तिच्या बाजूने सगळे.

आमची भांडणं हीच चालवायची. मध्ये उभी राहून माझं बोलणं तिला खुणांनी सांगायची, तिच्या खुणा मला बोलून दाखवायची. दोन्हीकडची धार तिच्यापाशी जरा बोथट होत असणार. आता फोन. मी एका बोटाने टाइप करतो. वाक्य पुरं होईस्तोवर राग निवतो. आणि ती समोर उभी, बसची वाट पाहिल्यासारखी. खुणांची भाषा मला येते ती स्वयंपाकघरापुरती. जेवलीस का. दार लाव. गोळी घेतली. पुरत होतं, ही होती म्हणून.

मी लिहिलं — तुझ्या आईचं नाव कुठेच नको का?

तिने वाचलं. मग लिहिलं — "तुम्ही बोलायचात तेव्हा आई तुमच्या अर्धं पाऊल मागे असायची. तुम्हाला ती दिसायची नाही. आम्हाला तीच दिसायची."

फोन माझ्या हातात देऊन निघून गेली.

११ फेब्रुवारी

जेवलीस का, विचारलं. हो म्हणाली.

१४ फेब्रुवारी

विश्वस्तांचा निरोप — सभागृह ठेवायचं की काढायचं, तुमचा शब्द शेवटचा. एक फोन केला तर उद्या पाया खणायला घेतील. आणि मुख्याध्यापिकाबाईंकडून कळलं, की लेकीला दुसऱ्या शहरातल्या शाळेचं बोलावणं आहे. ती मला त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. धमकी देणं तिच्या स्वभावात नाही. जाईल मात्र. सरळ बॅग भरेल आणि जाईल. तो हट्ट माझ्याकडूनच आलाय.

बेकरीत गेलो. फोनवर लिहून दाखवलं, मला खुणा शिकव. तो पीठ झटकून बसला. तुमच्यात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं ना, मग माझं काय? त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि तोंडापाशी बोटांची चोच करून उघडमीट, उघडमीट. थांबेचना! त्याची बायको काउंटरमागे वाकून हसत होती. मीही हसलो. दुसरं काय करणार?

१६ फेब्रुवारी

निर्णयाची सभा. मैदानावरच, सकाळच्या उन्हात. आधी एकटाच सभागृहाच्या रेघांत शिरलो. दारातूनच. मंच जिथे यायचा तिथे उभा राहिलो. तिथून झाडाखालचा घोळका दिसत होता. एकाच वेळी सगळे बोलताहेत, आणि कुणी कुणाला अडवत नाही. असली सभा मी जन्मात घेतलेली नाही.

झाडाखाली गेलो. ऊन तोंडावर येईल असा उभा राहिलो. भाषण खुणांनी सांगणाऱ्या बाई शेजारी आल्या, त्यांना नको म्हटलं. हात वर केले. खुणांनी म्हटलं — सभागृह नको. इथे. असंच बसू.

मधली खूण चुकली. बेकरीवाल्याने तिथूनच दुरुस्त केली — अशी नाही, अशी. मी पुन्हा केली.

सगळ्यांचे हात वर गेले आणि हलू लागले, वाऱ्यातल्या पानांसारखे. ही यांची दाद. लेकीचेही हात वर. मग ती खिशातून टेप काढून बाकांची जागा मोजायला गेली, टेपचं दुसरं टोक माझ्या हातात देऊन.

सगळं छान झालं. पण आवाज नाही. टाळ्यांवर जगलेला माणूस मी. तेवढं एक चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

१७ फेब्रुवारी

लेकीला विचारलं, माझ्या भाषणांना मात्र टाळ्या पडायच्या. त्या कशा?

ती हसली. मला कळावं म्हणून सावकाश खुणा केल्या, अडलं तिथे फोनवर लिहिलं. आई तुमचं भाषण कधी सांगायचीच नाही. तुम्ही सुरू झालात की ती आम्हाला विचारायची — कुणाचं बाळ आजारी आहे, कुणाला काम मिळालं, कोण कुणावर रुसलंय. सगळ्यांचं विचारून व्हायचं. आणि शेवटी सांगायची, "ह्यांचं संपत आलं. आता हात हलवू नका, टाळ्या वाजवा. ह्यांना ऐकू येतात."