दयाळूचा कान

१४ जानेवारी १८१३

अखेर डोक्यावर छप्पर आलं! रशियाच्या बर्फातून जीव वाचवून आलेल्या माणसाला विस्तुला नदीकाठचा हा किल्ला म्हणजे सासुरवाडीच. आज घोड्याच्या मांसाचं सूप होतं आणि त्यात खराखुरा कांदा. वर माझी नेमणूक ग्रेगवारच्या तोफेवर झाली. ग्रेगवार म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, ओदीलचा नवरा. निघताना तिने मला गळ घातली होती की त्याला धडधाकट परत आण. आता तो सतत डोळ्यांसमोर राहील.

तोफ जुनी, पंचरशी धातूची. नळीवर तिचं नाव कोरलंय, ‘दयाळू’. नाव ठेवणाऱ्याची कमाल आहे.

१५ जानेवारी

सार्जंट फुर्काद म्हणाले की माझं काम अगदी सोपं. बत्ती देतात ते भोक म्हणजे तोफेचा कान. बार उडाला की चामड्याची टोपी चढवलेला अंगठा त्यावर दाबून धरायचा. तोवर ग्रेगवार तोंडाकडून ओला कुंचा फिरवतो आणि दारूची नवी थैली गजाने ठासतो. कानातून वारा गेला तर आत राहिलेली ठिणगी फुलते आणि ठासणाऱ्याचे हात जातात. म्हणून अंगठा भाजला तरी हलवायचा नाही. हलवलाच, तर समोरच्याने त्याच गजाने आपलं टाळकं फोडावं, हा गोलंदाजांचा जुना हक्क.

ग्रेगवार हसून म्हणाला, “घरी बहिणीच्या अंगठ्याखाली होतो, इथे भावाच्या. माझी काही सुटका नाही.”

२ फेब्रुवारी

वेढा आवळलाय. आता आत कुणी येत नाही, बाहेर कुणी जात नाही. सूप पातळ झालं.

माझ्या आधी इथे बास्तियाँ होता. त्याचा अंगठा हलला आणि समोरच्या लुसिएँचे दोन्ही हात उडाले. तो बिचारा संध्याकाळपर्यंत हात मागत होता म्हणे. पोरांनी बर्फ उपसला, पण हात सापडले नाहीत. रशियनांनी नेले असतील, असं म्हणून सगळे हसतात. मला हसू आलं नाही.

९ फेब्रुवारी

आज अंगठ्याखाली काहीतरी लागलं. आतून. बोटाने चाचपावं तसं. त्या भोकात उंदराची शेपटीसुद्धा जेमतेम मावेल. ग्रेगवारला सांगितलं तर म्हणाला, उपाशी पोटी मलाही कोंबड्या दिसतात.

१३ फेब्रुवारी

दुसरं काम मागितलं. सार्जंट देणार होते, पण ग्रेगवारच अडून बसला. दुसऱ्या कुणाच्या अंगठ्यासमोर मी उभा राहणार नाही म्हणाला. आता कुठल्या तोंडाने सोडू?

इस्पितळात बास्तियाँला भेटलो. त्याच्या उजव्या हाताला अंगठा नाही. थंडीने गळला असेल असं मला वाटलं. त्याने स्वतःच कापलाय. माझ्याकडे न बघता म्हणाला, “तो ओळख पटवून घेतो आधी. मग धरतो. त्याला हात हवेत रे. कुणाचेही चालतात.”

२० फेब्रुवारी

कानात खिळा ठोकला की तोफ कायमची मुकी. पकडलो गेलो तर भिंतीशी उभं करून गोळी. खिळा आणला, हातोडी आणली. पण पहारेकरी तोफेपासून हलेनात. मला भीती वाटते. आतला तो आता रोज माझा अंगठा चाचपतो. हळूच, आंधळ्या माणसासारखा.

२६ फेब्रुवारी

दिवसभर मारा. ग्रेगवारचे कान पार बसलेत, काही ऐकू येत नाही. मी या वहीत लिहून त्याच्यासमोर धरतो, तो अक्षरं जुळवत वाचतो. आज चाचपणं नव्हतं. आज धरलं — अंगठा सुटला कसाबसा.

२७ फेब्रुवारी

डाव्या हाताने लिहितोय. उजवा अंगठा कानावर. निघत नाही.

सकाळी थैली ठासून झाली, गज बाहेर आला, आणि तेव्हाच — आतून घट्ट. अंगठ्याभोवती तेल ओतलं. कोमट पाणी ओतलं. नाही.

वेढा फोडून निघायचं ठरलंय, किल्ला सोडतायत. बाकी तोफांना खिळे ठोकून झाले. सार्जंटनी सुरी पुढे केली. ग्रेगवारने ती फेकून दिली. थैली आत असताना कान उघडा पडता कामा नये म्हणाला. सार्जंट गेले. सगळे गेले. त्याला लिहून दाखवलं — तू जा. ओदीलसाठी जा. त्याने मान हलवली आणि लोखंडी आकडा उचलला. थैली तोंडातून ओढून काढतो, मग अंगठ्याचं बघू.

तोंडाच्या बाजूला वळून उभा आहे. दोन्ही हात नळीच्या आत. पाठ माझ्याकडे.

पकड सैल झाली. देवा —

नाही. सुटला नाही. आता खालून ढकलतोय. वर. मीच दाबून धरलाय. सगळा भार टाकलाय तरी वर —

हाका मारतोय. त्याला ऐकू येत नाही.

ग्रेगवार मागे बघ. वही बघ. हात काढ. ग्रेगवार हात बाहेर का