गुडघा बरा झाल्याचे वर्तमान

शिरोडा,
ता. ५ नोव्हेंबर १९५६

राजमान्य राजेश्री गुरुदासराव यांस, तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा महादू याचा शिरोड्याहून सप्रेम रामराम. तुम्हाला मुंबईचे पाणी मानवत असेलच. इकडे यशोदा, म्हैस आणि मी तिघेही सुखरूप आहोत. (चौथा माझा डावा गुडघा. त्याच्यासाठीच हे पत्र.)

शिरोड्याहून आरोंद्याला टपालाची थैली धावत न्यायची माझी सरकारी चाकरी तुम्हाला ठाऊक आहेच. मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्या पायसचे डुक्कर माझ्या दोन पायांमधून निघून गेले. (डुक्कर उत्तरेकडे चालले होते, मी दक्षिणेकडे. कोणाचेच चुकले नाही.) डुकराला काही झाले नाही, टपालाला काही झाले नाही, फक्त मी गुडघ्यासकट कुंपणाच्या दगडी गडग्यावर आपटलो. मग कचेरीतून हुकूम आला की वीस तारखेला इन्स्पेक्टर येतील, त्यांच्यासमोर थैली घेऊन धावून दाखवा, न जमल्यास दुसरा माणूस नेमू. तेव्हापासून घरात अन्न गोड लागत नाही. मी दोन्ही वेळा जेवतो, पण काळजीने जेवतो.

लेप झाले, शेक झाले, शेवटी देवळात गाऱ्हाणे घातले. देवळाचे मानकरी गावकर खड्या आवाजात देवाला माझी कर्मकहाणी सांगत होते आणि आम्ही दर वाक्याला ‘होय महाराजा’ म्हणत होतो. सगळे यथासांग झाले, फक्त गुडघा कोणता ते सांगायचे राहिले. देवाने आपल्याकडून कसूर केली नाही, त्याने उजवा बरा केला. तो आधीच बरा होता, त्यामुळे आता जरुरीपेक्षा जास्त बरा आहे. दुसऱ्या दिवशी थैली घेऊन निघालो तर उजवा पाय आरोंद्याला चालला आणि डावा शिरोडा सोडीना. मी गोल फिरून पोस्टातच परत आलो. पोस्टमास्तरांना वाटले, आरोंद्याचे टपाल आले. त्यांनी शिक्काही मारला. मी गावकरांना म्हटले, देवाला दुरुस्ती कळवा, तर ते माझ्यावरच खेकसले, “महादू, देवाक काय पोस्ट समाजलंस? पत्तो चुकलो म्हणान परत धाडूक?”

पण आता आनंदाची बातमी. गेल्या सोमवारपासून मी पुन्हा धावू लागलो आहे, आणि असा की टपाल पूर्वीपेक्षा अर्धा तास आधी पोचते! माझ्या टपालाच्या काठीचे घुंगरू वाटेवर सगळ्यांना ऐकू येतात, मी मात्र कोणाच्या नजरेस पडत नाही, इतका वेग आहे. पायस म्हणतो (मी त्याच्या पडवीत सहज टेकलो होतो तेव्हा म्हणाला) की असा धावणारा त्याने जन्मात पाहिला नाही. तुमच्या बहिणीला मात्र याचे काडीचे कौतुक नाही. संध्याकाळी बघावे तर दमून भिंतीला टेकलेली. बायकांना घरबसल्या कसला एवढा थकवा येतो, देव जाणे. असो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
महादू

ता. क. : वीस तारखेच्या आत कॅनव्हासच्या बुटांचा एक जोड, नऊ नंबर, पाठवावा. इन्स्पेक्टरसमोर अनवाणी धावणे बरे दिसत नाही.

आणखी ता. क. : पत्र यशोदेच्या हाती टाकायला देत आहे. मला धावायची घाई आहे.

दादा, मी यशोदा. पाकीट भातान चिकटवलेला, सुटला. माका वाचूक-लिवूक येता, ताच हे विसारले. ह्यांचो गुडघो अजून नारळाएवढो सुजलेलो आसा. पोस्टापासून वळणापर्यंत हे धावतत, मगे पायसच्या पडवेर पाय वर करून बसतत. थंयसून आरोंद्यापर्यंत थैली घेवन मी धावतंय. आरोंद्याच्या मास्तराक सगळा म्हायत आसा, पण टपाल लवकर येता म्हणान तो गप आसा. नोकरी गेली तर आमी खातलंव काय, ह्या भयान माका झोप नाय. ह्यांका तू काय बोला नको, माणूस वायट नाय. वीस तारखेक ह्यांका ताप येतलो आणि ह्यांच्या बदली मी थैली घेवन उबी रवतलंय. ह्यो बेत ह्यांका अजून म्हायत नाय. बूट नऊ नंबरचे नको, पाच नंबरचे धाड.