आकाश मोकळं ठेवा

शनिवार, ८ नोव्हेंबर

आई अजून सापडलेली नाही.

काल संध्याकाळी वहिनी वाळलेले कपडे आणायला गच्चीत गेली, तेवढ्यात आई दार उघडून निघाली. खालच्या दुकानदाराला म्हणाली, "ड्युटीवर जाते." नर्सची नोकरी सोडून किती वर्षं झाली तिला! दोन वर्षं हे असंच चाललंय — चष्मा फ्रिजमध्ये, आणि मला कधी बाळ म्हणते, कधी सिस्टर. शेवटची दिसली ती टेकडीच्या वाटेवर. पलीकडे नुसती झाडी आणि ओढा.

आज दिवसभर मी आणि दादा शोधपथकाबरोबर फिरलो. पथकाच्या प्रमुख बाई मोजकं बोलतात. अंधार पडायच्या आत सगळ्यांना गोळा करून म्हणाल्या, "उद्या उजाडलं की हेलिकॉप्टर येईल. कुणीही ड्रोन उडवायचं नाही. आकाश मोकळं ठेवा."

दादा माझ्याकडेच बघत होता. घरी आल्याबरोबर सुरू झाला — "दर रविवारी मैदानावर जगाला ड्रोन शिकवतेस, आणि आई हरवली तर हातावर हात ठेवून बसणार?"

समजावलं त्याला. शोध घेणारं हेलिकॉप्टर झाडांच्या शेंड्यांलगत उडतं. किलोभराचं ड्रोन त्याच्या पंख्यात गेलं तर आतली माणसं संपलीच. म्हणून ड्रोन दिसलं की वैमानिक परत फिरतो. शिवाय आपलं ड्रोन कायम आपल्या नजरेसमोर हवं, त्या झाडीत ते कसं जमणार?

"नियम, नियम! आई तुझी पण आहे ना?"

सख्खा भाऊ असं बोलला.

रविवार, ९ नोव्हेंबर

आई गेली.

सोमवार, १० नोव्हेंबर

लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

काल सकाळी हेलिकॉप्टर आलं. मी टेकडीच्या पायथ्याशी, पथकाबरोबर. त्याने दोन फेऱ्या मारल्या आणि वळलं — चक्क परत गेलं! मला वाटलं, इंधन संपत आलं असेल. प्रमुख बाई वायरलेसवर बोलत होत्या. मग सरळ माझ्याकडे आल्या.

"वर ड्रोन आहे. तुमचं?"

"छे हो! माझं घरी आहे, कपाटात—"

बोलता बोलता मागे वळून बघितलं. दादा कुठेच नव्हता.

वहिनीला फोन केला. तिने कपाट उघडलं. ड्रोनची पिशवी होती. आत काही नव्हतं.

दादाचा फोन लागेना, त्या झाडीत रेंजच नाही. आणि ड्रोन खाली आल्याची खात्री पटल्याशिवाय हेलिकॉप्टर येणार नाही! आम्ही हाका मारत, शिट्ट्या फुंकत आत शिरलो. बऱ्याच वेळाने ओढ्याच्या पलीकडून दादाचा आवाज आला.

आई खडकाला टेकून बसली होती. अंगावर दादाचं जाकीट. दादा तिचे तळहात चोळत होता.

"गार पडलेत फक्त," म्हणत होता. "गार पडलेत फक्त."

मग हेलिकॉप्टर आलं. तिला न्यायला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

घरात पाय ठेवायला जागा नाही. मावशी चारचौघांत म्हणाली, "ड्रोन होतं म्हणून सापडली तरी! पोराने आईसाठी जिवाचं रान केलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चहा गाळत राहिले. दादाने कप घेतला नाही.

डॉक्टर म्हणाले होते — थंडीने गेली. रविवारीच सकाळी. सापडायच्या थोडंच आधी.

थोडंच! हा शब्द कानातून जात नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

बोलले शेवटी. बोलायचं नव्हतं.

दादा एवढंच म्हणाला होता, "जेवून घे गं." आणि माझा तोल गेला. "तू ते उडवलं नसतंस तर आई आज इथे बसून जेवत असती."

वहिनी हातात पातेलं धरून तशीच उभी. मला वाटलं, आता हा चिडेल, चार शब्द सुनावेल. मी तयारच होते.

"हो," म्हणाला. उठून गॅलरीत गेला.

भांडला असता तर बरं झालं असतं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

माझ्या चष्म्याच्या दुकानात विमान खात्याचे साहेब आले. मी एका आजोबांचा नंबर तपासत होते. तोवर ते आरशासमोर निमूटपणे एकेक फ्रेम लावून बघत बसले. मग पिशवीतून माझं ड्रोन काढून काउंटरवर ठेवलं. झाडात अडकलेलं सापडलं. दोन पाती तुटलेली, पण पोटावरचा नोंदणी क्रमांक शाबूत. मीच चिकटवलेला, अगदी सरळ रेषेत.

"नोंदणी तुमच्या नावावर आहे. म्हणजे पहिली जबाबदारी तुमची. उडवलं कुणी?"

हे मी स्वतः प्रत्येक नवशिक्याला सांगते! मैदानावर मला 'नियमवाली' म्हणतात. आणि नियमवालीने काय केलं? ड्रोन, रिमोट, बॅटरी — सगळं एकाच कपाटात, विनाकुलूप. उन्हाळ्यात दादाला उडवायलाही मीच शिकवलं, मोठ्या हौसेनं. नियमांचं काढलं की म्हणायचा, "ते राहू दे, वर कसं न्यायचं ते सांग." मी हसायचे, आणि सांगायचे.

साहेबांना म्हटलं, थोडा वेळ द्या. "शुक्रवारी ऑफिसात या," म्हणाले. जाताना फ्रेमची किंमतही विचारली नाही. संकोचले असावेत.

गुरुवार, २० नोव्हेंबर

एका घरात तिघं, आणि कुणीच बोलत नाही. वहिनी म्हणाली, "घास उतरत नाही त्यांच्या घशाखाली. तुम्हीच बोला काहीतरी." काय बोलू? मला त्याचं तोंड बघवत नाही.

उद्या त्याचं नाव सांगणार. खोटं बोलणार नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

निघाले तर दादा बूट घालून दाराशी उभा. "मी पण येतो. मीच सांगतो."

ऑफिसच्या बाकावर बसलो. समोरच्या भिंतीकडे बघत तो बोलायला लागला.

"जिवंत होती गं. स्क्रीनवर दिसली मला. आवाज ऐकून तिने वर बघितलं, हात हलवला. म्हटलं, धावत गाठतो. ओढ्याला एवढा वळसा पडेल असं वाटलं नव्हतं. आणि तू सांगितलेलं असूनही हेलिकॉप्टर का फिरलं ते तेव्हा डोक्यातच आलं नाही. वाटलं, त्यांना ती दिसलीच नाही."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"मी पण हात हलवला. रिमोट धरून, वेड्यासारखा. तिला कुठून दिसणार?"

आतून माझं नाव पुकारलं.

दोघंही उठलो.