जांभळट सोनं

३ फेब्रुवारी, सोमवार

आजचं सोनं जांभळट उतरलं.

उकळत्या पाण्यात सोन्याचा क्षार, वरून सायट्रेट. आधी काहीच नाही, मग शाई सांडल्यासारखं काळं, मग हळूहळू डाळिंबाच्या रसासारखं लाल. कित्येक वर्षं हाच माझा स्वयंपाक. कण इतके बारीक होतात की पिवळं असायचंच विसरतात – उजेडातला हिरवा गिळतात, आपल्याला लाल दिसतात. पण एकमेकांना चिकटले की निळ्याकडे झुकतात. पाण्यात जरा क्षार राहिला तरी चिकटतात, आणि आमच्या कारागांदा शहराच्या पाण्यानं तर किटलीतसुद्धा खडू साचतो. गाळणी बदला म्हणून तोलेगेनसाहेबांच्या मागे लागून मी थकले.

साहेबांनी बाटली खिडकीशी धरली. "लालच आहे की, शोलपानबाई."

स्वतःचा हिरवा टाय ते निळा समजून घालतात. असो. त्याच सोन्यानं रेष उमटवणाऱ्या पट्ट्या झाल्या. दिवस गेलेत का ते बघायच्या.

५ फेब्रुवारी

पाळी येऊन दीड महिना होऊन गेला. डॉक्टरीणबाई मागेच म्हणाल्या होत्या, "त्रेचाळीस ना? आता अशीच लहरी येईल, मग बंदच." मी मान डोलावली होती, जसं काही त्या हवामान सांगतायत.

पण मन मेलं ऐकतंय कुठे. औषधांच्या दुकानात सासूबाईंची भाची बसते. तिथून पट्टी घेतली तर मी घरी पोचायच्या आत अख्ख्या गोतावळ्याला कळेल. म्हणून कारखान्यातूनच मूठभर पर्समध्ये टाकल्या. सोमवारच्या. शेजारी जुन्या लॉटचा खोका होता, पण या हाताशी होत्या.

६ फेब्रुवारी

दोन रेषा. दुसरी फिकट. पण आहे!

८ फेब्रुवारी, शनिवार

काइसार तिकडे तेलविहिरींवर, महिनाअखेरीला येईल. फोनवर सांगितलं नाही. सांगताना त्याचं तोंड बघायचंय मला. लग्नाला चौदा वर्षं झाली, या विषयावर बोलणं आम्ही कधी सोडलं तेही आठवत नाही.

भांडी घासताना गात होते म्हणे. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "सूनबाई, कढई घाबरली बघ." मग रश्श्यातला मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा तुकडा माझ्या ताटात टाकला. तो तुकडा त्या स्वतःच्या लेकालाही देत नाहीत.

मागची खोली मुरंब्याच्या बरण्यांनी आणि बंद टीव्हीनं भरलीय. टीव्ही काढला तर पाळणा बसेल. आणि बरण्या? बरण्यांना काय, खाऊन टाकू.

१० फेब्रुवारी, सोमवार

झौरेश आमच्याकडे तपासणीच्या टेबलावर बसते. सकाळी ओरडली, "शोलपानताई, पेढे काढ, चहा पोटुशी आहे!" गेल्या सोमवारच्या लॉटची पट्टी तिनं गंमत म्हणून चहात बुडवली होती. दुसरी रेष. नळाच्या पाण्याला दुसरी रेष. काकडीच्या लोणच्याच्या पाण्याला तर चांगली ठसठशीत.

"साहेबांचं पण बघू या का गं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग जुन्या लॉटची पट्टी घेऊन संडासात गेले.

एकच रेष.

तिथेच बसून राहिले. गुरुवारची रेष जांभळट होती, चिकटलेलं सोनं आपोआप अडकून उमटलेली. मी पाहिली होती. रंग ओळखायचा पगार घेणारी बाई, आणि मला ती लाल दिसली.

दुपारी साहेब लॉट सोडायचा कागद घेऊन आले. "फिकट तर येते रेष. आणि आली तर बायका खूशच होतील ना?"

म्हटलं, "साहेब, ती खुशी मी चार दिवस भोगून आलेय. सही होणार नाही."

झौरेशनं हातातला चहा खाली ठेवला. साहेबांनी आपल्या टायकडे पाहिलं. मग म्हणाले, "गाळणी उद्या मागवतो." कागद घेऊन गेले.

सासूबाईंना काही सांगितलंच नव्हतं, तेव्हा आता काही सांगायचंही नाही. असं ठरवून घरी आले. जेवण गेलं नाही.

११ फेब्रुवारी

सकाळी सासूबाईंनीच विचारलं, आणि मी सगळं ओकून टाकलं. पट्ट्या खोट्या होत्या म्हणून.

म्हणाल्या, "माहितीय. शुक्रवारी तुझी पट्टी केरात दिसली. तुझ्या पर्समधली एक घेऊन मीही करून बघितली. एकाहत्तराव्या वर्षी मलाही दोन आल्या."

"मग बोलला का नाहीत?"

"गात होतीस."