डाव्या खुर्चीवरचे बोलणे

मृत्युपत्र

मी, खाली सही करणारा, दोन खुर्च्यांच्या दाढी-कटिंगच्या दुकानाचा मालक, आज माझ्याच दुकानात, माझ्या उजव्या खुर्चीत बसून, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही गोड बोलण्याला न भुलता हे मृत्युपत्र करून ठेवतो. माझा हात थरथरतो. डोके थरथरत नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. मी ते म्हटले, आणि त्यांचा डावा कल्ला उजव्यापेक्षा वर गेला आहे हेही सांगितले. असले काम आमच्या दुकानातले नव्हे.

मी सांगतो आणि वकील लिहून घेतात. सांगेन ते जसेच्या तसे उतरवायचे, 'हे कशाला' म्हणून गाळायचे नाही आणि एकदा लिहिलेले खोडायचे नाही, अशी अट मी घातली आहे. ते मान हलवतात. खरोखर लिहितात की नाही ते शेवटी वाचून घेईन.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणाले तर तो थापा मारतो असे समजावे.

कलम १. दुकानावरची राहती जागा, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गळकी गच्ची, माझ्या पश्चात संपूर्णपणे हिची होईल. 'ही' म्हणजे माझी पत्नी. या कागदात पुढे जिथे जिथे 'ही' येईल तिथे तिथे तीच समजावी, दुसरी कोणी नव्हे. गच्चीची गळती मी काढणार होतो. ते काम आता हिने जावयाकडून करून घ्यावे. त्याला नुसता सल्ला देता येतो की हातही चालवता येतो, हे त्या निमित्ताने कळेल.

कलम २. बँकेत जे काही असेल ते अर्धे हिला, अर्धे मुलीला. यावर मला काही बोलायचे नाही. वकिलांना आश्चर्य वाटलेले दिसते.

कलम ३. डाव्या खुर्चीपुढचा मोठा आरसा मी समोरच्या शिंप्याला देतो. हा शिंपी लग्नाआधीपासून माझ्या हातची दाढी करून घेत असे आणि 'तुमच्याशिवाय कोणाला गालाला हात लावू देणार नाही' असे म्हणत असे. पुढे त्याने काय केले ते कलम ४ मध्ये येईल. त्याने हा आरसा घरी लावून रोज सकाळी त्यात स्वतःचे तोंड पाहावे, इतकीच माझी इच्छा आहे. आरसा गेल्यामुळे डाव्या खुर्चीची गैरसोय होईल याची मला पूर्ण कल्पना आहे.

कलम ४. दुकान. हे द्यायचे हिलाच, कारण दुसरे कोणी चालवू शकत नाही. पण ते कसे झाले हे कागदावर राहिले पाहिजे.

मुलगी लहान असताना मी सायकलवरून पडलो आणि उजवे मनगट मोडले. दुकान बंद. घरात खायची तोंडे तीन. तेव्हा ही म्हणाली, "मला शिकवा."

"वेडी आहेस का? वस्तरा आहे तो, विळी नव्हे."

"विळी तुम्ही चालवून दाखवा, मग बोला."

मी हाताला प्लास्टर घालून खाटेवर बसलो आणि हिला फुगे आणायला लावले. आमच्या धंद्यात पहिला गाल फुग्याचा. फुगवायचा, फेस लावायचा आणि वस्तऱ्याने फेस काढायचा; फुगा फुटला की गिऱ्हाईक गेले असे समजायचे. हिचे खूप फुगे फुटले. फेस भिंतीवर, फेस माझ्या प्लास्टरवर, आणि ही पोट धरून हसते आहे. मी ओरडत असे, "टेकव, दाबू नकोस! मध्ये थांबू नकोस, थांबलेला हात कापतो! आणि घाबरू नकोस, घाबरायचं काम गिऱ्हाइकाचं आहे!"

मग फुगे फुटायचे थांबले. मला वाटते, माझ्या पोटात पहिल्यांदा दुखले ते तेव्हाच.

प्लास्टर निघाल्यावर मी रुबाबात माझ्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. बाकावर हाच शिंपी बसला होता. मी टॉवेल झटकून म्हणालो, "या." तर तो म्हणतो, "राहू द्या, वहिनींची खुर्ची रिकामी होऊ दे. बसलोय मी निवांत." माझ्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून तो निवांत वर्तमानपत्र वाचत होता! त्याच्यामागून इतरही तसेच करू लागले.

हिचा हात कसा आहे हे मी सांगू नये, पण सांगतो, कारण माझ्याइतका तो कोणी पाहिलेला नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांनी गाल ताणते आणि वस्तरा कानशिलापासून हनुवटीपर्यंत असा आणते की फेसालाच आपण कधी निघालो ते कळू नये. सुलट हात झाला की लगेच उलट, मध्ये विचार नाही, पुसणे नाही, मान वाकडी करून बघणे नाही. रेडिओवर गाणे लागायचे, आणि ते संपायच्या आत गिऱ्हाईक तुरटी फिरवून, गालावरून हात फिरवत उभे असायचे. माझ्याकडे तेवढ्यात फेस व्हायचा.

मी काही कमी उपाय केले नाहीत. पंखा माझ्या खुर्चीवर घेतला. हिच्याकडे पाय ठेवायची दांडी मोडलेली खुर्ची दिली. रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली : 'अनुभवी हात — उजवी खुर्ची', आणि ती माझ्या खुर्चीच्या मागच्या भिंतीवर ठोकली. गिऱ्हाइके पाटी वाचून डाव्या खुर्चीवर जाऊन बसायची. ही रोज सकाळी झाडताना त्या पाटीवरून फडके फिरवायची आणि म्हणायची, "अहो, वाकडी झालीये, सरळ करू का?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पण हे सगळे मी गिळले असते. जे गिळता आले नाही ते वेगळेच आहे.

वस्तरा गळ्यापाशी येतो तेव्हा भलेभले खांदे वर ओढतात. त्या वेळी ही खाली वाकते आणि गिऱ्हाइकाच्या कानाशी हळूच काहीतरी म्हणते. एकच वाक्य. आणि माणसाचे खांदे खाली येतात, मान सैल पडते. काय म्हणते? मी कान टवकारून थकलो, एक अक्षर ऐकू आले नाही. डाव्या खुर्चीपुढचा आरसा मी मुद्दाम तिरका बसवला, म्हणजे माझ्या जागेवरून हिची खुर्ची नीट दिसावी. त्यातून जे दिसले त्याने आगीत तेलच पडले : हिने कानात सांगितले की गिऱ्हाईक आरशातून माझ्याकडे बघते. बघते, आणि मिशीतल्या मिशीत हसते.

नवऱ्याबद्दल कानात सांगायचे आणि परक्या माणसाने नवऱ्याकडे बघून हसायचे! हे मी आयुष्यभर पाहिले.

एकदा न राहवून विचारले, "काय सांगतेस गं त्यांना?"

"काही नाही हो. धंद्यातलं."

"धंदा माझा आहे."

"मग बसा की एकदा माझ्या खुर्चीत. कळेल."

मी बसलो नाही. शिंप्याला विचारले, तर तो म्हणाला, "ते वहिनींनाच विचारा," आणि पुन्हा तेच हसला. म्हणून कलम ३.

हात थरथरू लागल्यावर मला स्वतःची दाढी करता येईना. मी दाढी वाढवली. लोकांना वाटले, माणूस विरक्त झाला. विरक्ती वगैरे काही नाही. डाव्या खुर्चीत बसायचे नव्हते, इतकेच. माझ्या खुर्चीवर आता वर्तमानपत्रांचा ढीग असतो. आज तो उचलून बसलो आहे.

कलम ५. माझा वस्तरा. वडिलांकडून आलेला, काळ्या मुठीचा, वजनदार. त्याच्यासोबत धार लावायचा चामड्याचा पट्टा, ज्याला आम्ही चामोटा म्हणतो. या दोन्ही वस्तू मी जावयाला देतो. तो घुर्र घुर्र करणाऱ्या मशीनने गाल खरवडतो आणि वस्तरा कोणत्या बाजूने उघडतो हे त्याला ठाऊक नाही, याची मला जाणीव आहे. म्हणूनच देतो.

हा वस्तरा हिला देऊ नये. कारण लपवत नाही : मला पोटशूळ आहे. बाजारातल्या हलक्या वस्तऱ्यावर हिने माझी अशी दैना केली, तर माझ्या वस्तऱ्यावर काय करील? मी गेल्यावर ही माझ्याही पुढे जाईल, आणि तेव्हा मला पाटीसुद्धा लावता येणार नाही.

इथवर सांगून झाले तेव्हा वकिलांनी माझे ओळखपत्र मागितले. फोटो बघितला, माझ्याकडे बघितले, परत फोटो बघितला.

"यातला माणूस कुठे आहे?"

"दाढीच्या मागे," मी म्हणालो.

"नोंदणी कचेरीत हे चालायचं नाही. नवं ओळखपत्र काढायचं तर महिने जातील."

महिने म्हटल्यावर साक्षीसाठी थांबलेले डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. मला कळायचे ते कळले.

"नाही तर दाढी काढा," वकील म्हणाले. "न्हाव्याच्या दुकानात बसलोय आपण."

ही दारात उभी होती. हिने डाव्या खुर्चीवरचा टॉवेल उचलून झटकला.

कलम ६. यापुढचा मजकूर दाढी झाल्यावर, डाव्या खुर्चीत बसून सांगितला आहे.

मी बसताना म्हणालो, "तुझा तो हलका वस्तरा माझ्या गालाला लागता कामा नये. माझा काढ." हिने काढला, उघडला, हातात तोलला आणि चामोट्यावर फिरवला. तो आवाज ऐकून माझा जीव जळला. माझ्या हातात असताना तो वस्तरा असा कधी बोलला नाही.

मग गाल ताणला. बोटे गार होती. माझ्या गालावर हिचा वस्तरा फिरतो आहे आणि मला तो लागतच नाही, हे मी इथे नोंदवतो. मात्र एक तक्रार आहे. हिने वेळ लावला. शिंप्याची दाढी एका गाण्यात करणारी बाई माझ्या एका गालावर रेंगाळली. मी म्हणालो, "इतका वेळ लावलास तर गिऱ्हाईक पळून जाईल."

"हे कुठं जातंय," ही म्हणाली.

वस्तरा गळ्यापाशी आला. जन्मभर लोकांचे गळे हाताळलेला मी, पण माझे खांदे आपोआप वर गेले. हिच्याही ते ध्यानात आले नसावे की खुर्चीत कोण आहे, कारण ही सवयीने खाली वाकली आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाली :

"घाबरू नका. त्या खुर्चीवाल्यांनी शिकवलंय मला."

आणि माझी नजर, कोणी न सांगता, आरशात गेली. आरसा मीच तिरका बसवलेला. त्यात माझ्या जागेवरून ही खुर्ची दिसते, म्हणजे या खुर्चीवरून माझी जागा दिसणारच, हे आरशांमध्ये जन्म काढलेल्या माणसाच्या डोक्यात कधी आले नाही. आरशात उजवी खुर्ची होती, मागे पाटी होती, उलट्या अक्षरांत. मी हसलो. सगळे जसे हसत तसाच हसलो असणार. खुर्ची रिकामी होती.

मी शिंप्याला हाक मारून बोलावले आणि विचारले, "हेच सांगायची?"

तो म्हणाला, "हेच की. सगळ्यांना. आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे. म्हणून तर तुमच्याकडे बघून मान द्यायचो."

"मान देत होतास? मला वाटलं दात काढतोस."

हिला म्हणालो, "मला का नाही सांगितलंस?"

"किती वेळा म्हटलं, बसा."

आता कोणी म्हणेल, म्हातारा उगाच जळला. उगाच नाही. हात हिचाच आहे, मी फक्त फुगे फोडायला लावले. माझा हेवा जागच्या जागी आहे. फक्त माणूस बदलला. आता मला हेवा वाटतो तो त्या उजव्या खुर्चीवाल्याचा. ही रोज, परक्या माणसांच्या कानात, त्याचे कौतुक करत होती आणि तो चार पावलांवर उभा राहून टॉवेल झटकत होता. नशीबवान, आणि गाढव.

वर लिहिलेले खोडायचे नाही ही माझीच अट, म्हणून कलमे तशीच ठेवून पुढीलप्रमाणे फेरफार करतो.

कलम ५ मधला वस्तरा आणि चामोटा हिला. जावयाने आपले मशीन वापरावे.

कलम ३ मधला आरसा शिंप्याला मिळणार नाही. वकील म्हणतात, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये; त्यावर शिंपी म्हणाला, "आरसा नको, साक्ष देतो." तसेही तो आरसा कोणी हलवू नये. सरळसुद्धा करू नये.

उजवी खुर्ची विकू नये, काढू नये, तिच्यावर वर्तमानपत्रे ठेवू नयेत. ही कानात बोलेल तेव्हा गिऱ्हाइकाला बघायला काहीतरी हवे. पाटी जिथे आहे तिथेच राहील. वाकडी झाली तर हिने विचारत बसू नये, सरळ करावी.

वकिलांनी सर्व वाचून दाखवले. एकही शब्द गाळलेला नाही. फोटोतला माणूस सापडला आहे.

सही : (थरथरती, पण माझीच)

साक्षीदार पहिला : समोरचा शिंपी. 'वरील सही माझ्यासमोर झाली. त्या वेळी यांची दाढी ताजी होती आणि कुठेही कापले नव्हते.'

साक्षीदार दुसरा : डॉक्टर. 'शुद्धीवर आहेत. माझे कल्ले समान करून मिळाले.'

दिनांक : आजचा, वकिलांनी शिक्क्याखाली घातला तो.

स्थळ : डावी खुर्ची.