गोंदेश्वराला घातलेलं गाऱ्हाणं

काळाचौकी, मुंबई
भाद्रपद

अहो,

मेल्यावर तरी माणसानं हट्ट सोडावा की नाही? दहाव्याला दादरच्या चौपाटीवर पिंड मांडला, सगळे मागे सरले, आणि एक कावळा खाली उतरेना! माडावर रांगेनं बसलेले, पण पिंडाकडे बघायला तयार नाहीत. तुमचा भाऊ बाबल्या हात जोडून एकेक कबूल करत होता. "दादा, पोरांका शिकवतंव." नाही. "दादा, गावचा घर शाकारतंव." नाही. बायकांनी तिथं यायचं नसतं म्हणून मी लांब भिंतीशी उभी. शेवटी मीच ओरडले, "गोंदेश्वराचा तुमचा नवस मी फेडीन, आता या!" लगेच एक येऊन बसला. भर चौपाटीवर मला बांधून घेतलंत. ही काय रीत झाली?

तर ऐका. फेडला! ते सांगायलाच लिहिते आहे. तिसरी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, नावं ठेवू नका.

भजनी मंडळाबरोबर एकदा नाशिकला गेलात, येताना सिन्नरला गोंदेश्वराचं देऊळ बघितलंत, आणि तिथून पुढे प्रत्येक सभेत तेच. "एका जोत्यावर पाच देवळं! मधलं मोठं, ती मुंबई. चार कोपऱ्यांना कोकण, देश, मराठवाडा, विदर्भ. काढून दाखवा त्यातली मुंबई!" लोक टाळ्या वाजवायचे. मी म्हणायचे, भात निवतोय. मला कधी नेणार विचारलं की, "मुंबई मिळू दे, मग तिथं जाऊन गाऱ्हाणं घालतो." मुंबई मिळाली हो! मिरवणुकीत मी आवाज बसेपर्यंत ओरडले. पण तुम्हाला दोन वर्षं धीर निघाला नाही. तो ताप काय एवढा मोठा होता?

श्रावणातल्या सोमवारी गेलो. मी, बाबल्या, शेजारची शेवंता आणि चाळीतली पंधरा-वीस माणसं. तुम्ही म्हणायचात, "एस्टीतून उतरलं की समोर देऊळ." समोर? गावाबाहेर शेतातून चिखल तुडवत गेलो! शेवंताची चप्पल रुतून बसली. ती म्हणाली, "गो यशोदे, तुझ्या घोवान देऊळ सपनात बघल्यान काय?"

आणि मग दिसलं.

मी तक्रार विसरले. मी! काळा दगड, पावसानं धुतलेला. हात ठेवायला कोरी जागा म्हणून नाही, सगळीकडे नक्षी. नंदी आपल्या वेगळ्या मंडपात ऐटीत बसलेला. मी पहिल्यांदा कोपरे मोजले. चार. मधलं धरून पाच. एकच जोतं. इतकी वर्षं मला वाटायचं, टाळ्यांसाठी वाढवून सांगता. एवढं एक शेजारी उभे राहून दाखवायला हवं होतंत.

गाऱ्हाणं घालायला बाबल्या पुढे झाला. चाळीत ते तुमचंच काम होतं. देवाला खणखणीत सांगायचं आणि मागून सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. तुमच्यामागे ते त्याच्याकडे आलं. पण त्यानं काय करावं? सवयीनं आपल्या गावच्या ग्रामदेवाला हाक घातली! सिन्नरला महादेवासमोर उभा राहून! मग भातशेतीला पाऊस मागितला, गिरणीत बढती मागितली. लोकही सवयीनं व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा.

"भावजी, थांबा," मी म्हटलं. "मागायला नाही आलो. फेडायला आलोय."

"वैनी, गाराणा बायलमाणसान घालूचा नसता. आणि तुमी तर..." त्यानं माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं.

"नवस मी कबूल केला तेव्हा कावळ्यानं कपाळ बघितलं नाही," मी म्हटलं आणि पदर खोचून पुढे झाले.

"बा गोंदेश्वरा! पाच देवळांच्या धन्या! माझ्या घोवानं शब्द दिला होता. मुंबई मागितली होती, ती आमच्या पदरात पडली. ज्यांनी त्यासाठी छातीवर गोळ्या घेतल्या, त्यांना तुझ्या पायाशी जागा दे. आणि माझ्या माणसाचा शब्द आज पुरा झाला, असं मानून घे!"

मागे सगळं गप्प. अहो, कुणी ओ दिली नाही तर ते गाऱ्हाणं कसलं, नुसती बाईची बडबड. आणि मग शेवंता, एक चप्पल गमावलेली, एक पाय चिखलानं माखलेला, केवढ्यानं ओरडली, "व्हय म्हाराजा!" मग बाकीच्या बायका. मग सगळे. आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत मोठ्यानं, तुमचा बाबल्या. मंडपातली कबुतरं उडाली!

परतीच्या एस्टीत मात्र तो हळूच म्हणाला, "वैनी, पोचला काय नाय, ता दादाकच ठावक." तेव्हापासून झोप नाही मला. लोकांनी ओ दिली, पण शब्द तुमचा होता.

बेळगाव राहिलंय, माहीत आहे, सुनावू नका. ते आलं की पुन्हा त्याच चिखलातून जाईन आणि पुन्हा मीच घालीन. हा माझा शब्द.

आता तुमचं बोला. सर्वपित्रीला गॅलरीबाहेरच्या पत्र्यावर पान ठेवीन, वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार. गाऱ्हाणं पोचलं असेल तर कावळा पाठवा. पण या खेपेला ताटकळायचं नाही. त्याच दिवशी, गिरणीच्या दुपारच्या भोंग्याच्या आत मला उत्तर हवंय!

तुमची,
यशोदा