हुक रहने दो

९ फेब्रु., रवि.
इथे आखातात, अल गराफा, व्हिला कंपाउंड. खजुरांचं परागीकरण सुरू. खोडाला लोखंडी मचाण बांधायचं, शिडीने चढून त्यावर उभं राहायचं. माणूस पडतो तो शिडीवरून मचाणावर पाय टाकताना. म्हणून आधी पट्ट्याचा हुक वरच्या दोरात, मग पाय. सेफ्टीवाली म्हणून ट्रेनिंगमध्ये हे मीच बडबडते. स्वतः एकदाही चढलेले नाही. खालूनच बघते.

१० फेब्रु., सोम.
हरिलाल पडला. गोरखपूरचा, आमच्यातला सगळ्यात सावध माणूस. शिडीच्या टोकावरून त्याने विचारलं, "मॅडम, हुक?" झावळ्यांत मला नीट दिसत नव्हतं, लावलाय असंच वाटलं. ओरडले, "हुक रहने दो." त्याने पाय टाकला आणि
कंबरेचा मणका. पायाची बोटं हलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, थांबा.

११ फेब्रु., मंगळ.
मॅनेजर : "हुक नहीं लगाया, वर्कर की गलती. स्टेटमेंट लिख दो, खलास." लिहिलं. हरिलालचा रागही आला, इतकं सांगून ऐकत नाहीत म्हणून.
संध्याकाळी अनिकेतला वाचून दाखवलं, मी काय ओरडले तेही सांगितलं. नवरा नागपूरचा, हिंदी माझ्यापेक्षा बरी.
"'रहने दो' म्हणालीस?"
"हो. राहू दे, काढू नकोस."
तो हळूच म्हणाला, "अगं, त्याने लावलाच नसेल तर हिंदीत त्याचा अर्थ, नको लावूस, जाऊ दे."
जेवण गेलं नाही. चार वर्षं मी हे हिंदी बोलतेय. आणखी कुणाकुणाला काय काय सांगितलं असेल?

१२ फेब्रु., बुध.
भीती वाटते. खरं लिहिलं तर नोकरी जाईल, कदाचित पोलीसही. नाही लिहिलं तर चूक त्याची ठरणार आणि त्याला भरपाईशिवाय तसाच गावी धाडतील. अनिकेत म्हणतो, तू ठरव. हे म्हणायला सोपं.

१३ फेब्रु., गुरु.
हॉस्पिटल. बोटं अजून हलत नाहीत. मी तोंड उघडायच्या आत हरिलालच म्हणाला, "साहब पूछे थे, किसने बोला. हम आपका नाम नहीं लिए. आप डरिए मत, मॅडम."
मला आधी हायसं वाटलं. तेही लिहून ठेवते.
मंगळवारचं स्टेटमेंट अजून दिलेलं नाही, पर्समध्येच आहे. मॅनेजर त्यासाठी दोनपर्यंत थांबणार आहेत. आता सव्वा वाजलाय.